1993चा हिवाळा आणि दाराची कडी

थंडी पडली की आमच्या बचत गटाच्या बैठकीला बायका कमी येतात. दिवस लहान, पहाटे पाणी गार, सांधे धरलेले. कुणी म्हणते झोप लागत नाही, कुणी म्हणते उगाच रडू येतं. मागच्या हिवाळ्यात असंच बोलताना गोष्ट 1993 सालाकडे वळली, ती आज तुम्हाला सांगायची आहे.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीच्या भागात भूकंप झाला. आपल्याकडची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. गळू नये म्हणून माळवदावर दरसाल मातीचा थर चढायचा. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच ओझं त्या पहाटे अंगावर आलं. सरकारी हिशेबाने सुमारे 8,000 माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली. उदगीरलाही लोक रस्त्यावर धावले होते. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा आईच्या कडेवर होत्या.

भूकंपाच्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल मात्र आम्ही ऐकलं ते आज्यांकडूनच. पत्र्याच्या शेडमध्ये रात्री पत्रा बर्फासारखा, दुपारी तापलेला. ज्यांची घरं उभी होती तेही आत झोपेनात, कारण धक्के अधूनमधून चालूच होते. पोरं-बाळं घेऊन बायका थंडीत अंगणात नाहीतर खळ्यावर झोपायच्या. रब्बीची ज्वारी तर पेरायलाच हवी होती. पोटचं लेकरू गेलेली बाई दिवसा रानात जायची आणि संध्याकाळी तीन दगडांची चूल मांडायची. तिला रडायला वेळ कुठला?

मदत आली, पुष्कळ आली. पत्रे, धान्य, ब्लँकेट मोजून वाटता येतं. पण छातीत धडधड होणं, ट्रक गेला तरी दचकून उठणं, हे कुणाच्या यादीत लिहायचं? कुणी म्हणायचं अंगात आलंय, कुणी म्हणायचं नाटकं करते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 सालीच कागदावर आला होता, पण जिल्ह्या-जिल्ह्यांत न्यायचा कार्यक्रम 1996 साली सुरू झाला, तोही मोजक्याच जिल्ह्यांत. नाही म्हणायला, नाटक-सिनेमांतून आपल्याला माहीत असलेले डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञही आहेत. भूकंपग्रस्तांच्या मनावर काय परिणाम झाला, याच्या अभ्यासात त्यांचा सहभाग होता.

नव्या गावठाणात रस्ते सरळ झाले, घरं सुटी सुटी झाली. घर पक्कं मिळालं, त्याची किंमत आम्ही कमी करत नाही. पण जुन्या वाड्याची ओसरी गेली, आणि भाकरी थापता थापता भिंतीपलीकडच्या जावेशी बोलणं गेलं. ते बोलणं हेच बाईचं औषध होतं, असं आम्हाला वाटतं.

पुढे घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. स्वयं शिक्षण प्रयोगाच्या प्रेमा गोपालन यांचा या कामात मोठा वाटा. काम सिमेंट, सळई आणि हप्त्यांचं, पण त्या निमित्ताने बायका घराबाहेर पडून एकत्र बसू लागल्या. आज आम्ही सतरंजीवर गोल बसतो, त्याची एक मुळी तिथे आहे.

आता आमच्या गटातल्या एका आजींचं सांगतो. माहेर औसा तालुक्यातलं. तीस वर्षं झाली, त्या रात्री दाराला कडी लावू देत नाहीत. कितीही थंडी असो, दार नुसतं लोटलेलं. सून वैतागायची, घरात कुरबुर व्हायची. एका दवाखान्यात आजींना दर वेळी ताकदीचं इंजेक्शन टोचायचे, प्रश्न कुणी विचारलाच नाही. बैठकीत त्या पहिल्यांदा बोलल्या की त्या पहाटे माहेरी कडी निघाली नव्हती. सून समोरच बसली होती. तिने त्या दिवसापासून दाराला आतून जाड गोधडीचा पडदा लावला. कडी तशीच मोकळी.

आता 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, 10 ऑक्टोबर 2022 पासून. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. झोप, भूक उडाली, जीव नकोसा वाटू लागला तर लावा. घरात दुसऱ्या कुणाचं तसं दिसलं तरी लावा. आजींसाठी सुनेनेच लावला होता.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे आपल्या भागातल्या बाईचा रानात जाण्याचा हक्काचा दिवस. आजी कित्येक वर्षं घरीच थांबायच्या, या वेळी आमच्याबरोबर आल्या. कोपीतली पूजा झाली, आंबिल, भज्जी, बाजरीचे उंडे वाढले. जेवता जेवता त्यांनी माहेरच्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली, एकेक करून, कोण कसं हसायचं ते सांगत. पानातली भज्जी गार झाली. कुणी उठलं नाही.