तलेदंड

गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक (१९९०). विषय बाराव्या शतकातील कल्याण (आजचे बसवकल्याण, जि. बीदर) येथील आंतरजातीय विवाह. बसवण्णांच्या शरण पंथातील हरळय्या हा चर्मकार, मधुवरस ब्राह्मण. हरळय्याचा मुलगा शीलवंत आणि मधुवरसाची मुलगी कलावती यांचे लग्न ठरते आणि नगर पेटते. प्रतिलोम विवाह, म्हणजे वरच्या वर्णाची वधू आणि खालच्या वर्णाचा वर, धर्मशास्त्राला निषिद्ध. त्यामुळे हा घरगुती मामला राजद्रोहाइतका गंभीर ठरतो. कार्नाडांचे खरे बळ येथे दिसते. या लग्नाने बसवण्णा हर्षभरित होत नाहीत, परिणामांच्या भीतीने धास्तावतात. चामड्याचा विटाळ मानायला शिकवलेली लेक चर्मकाराच्या घरी कशी नांदेल, ही कलावतीच्या आईची चिंताही नाटककार हसण्यावारी नेत नाही. राजा बिज्जळाला बंदी करून सत्ता बळकावणारा त्याचा मुलगा सोविदेव वधूवरांच्या पित्यांचे डोळे काढून त्यांना हत्तीच्या पायाला बांधून मारवतो. वधूवर मात्र नाटकात काहीसे बाजूलाच राहतात.

अशीच बंदी दक्षिण आफ्रिकेतही होती; तेथे १९४९च्या कायद्याने गोरे आणि गोरेतर यांचे विवाह बंद झाले. अॅथॉल फुगार्ड यांनी तेथील वर्णद्वेषी राजवटीतील निषिद्ध प्रेमावर नाटक लिहिले. तेथे पहारा पोलिसांचा, कल्याणात पोथीचा आणि दरबाराचा.

बेळगाव परिसराला ही कथा परकी नाही. या संघर्षानंतर कल्याणहून उळवीकडे निघालेले शरण याच मुलखातून गेले, अशी परंपरा आहे. खानापूर तालुक्यातील कक्केरी शरण डोहर कक्कय्यांशी, तर मलप्रभेकाठचे एम. के. हुबळी बसवपत्नी गंगांबिकेशी जोडले जाते. मराठी अनुवाद मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी केला. नाटकाला १९९४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.