डिजेरिडू : पोकळ खोडातील नाद

ध्यानधारणेच्या ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येणारा डिजेरिडूचा खर्जातील अखंड नाद मूळचा उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा. आर्नहेम लँडमधील योलंगू लोक या सुषिर वाद्यास ‘यिडाकी’ म्हणतात. वाळवीने आतून पोखरलेले निलगिरीचे खोड सोलून ते घडवितात. वादक गालांत साठविलेली हवा फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो. त्यामुळे सूर खंडित होत नाही. २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ रुग्णांच्या स्वित्झर्लंडमधील चाचणीत, चार महिने वादन करणाऱ्यांचा झोपेतील श्वसनरोध कमी झाल्याचे आढळले. हा लाभ वादकांचा होता, श्रोत्यांचा नव्हे. श्रोत्यांस या नादातून विश्रांती लाभत असेलही. योलंगूंसाठी मात्र ती लाकडी टिपऱ्यांच्या तालावर गायिल्या जाणाऱ्या विधिगीतांची साथ आहे.