कमानीखालचे स्वराज्य

जबलपूर शहराच्या जुन्या वस्तीत, सराफ्याच्या आणि बडा फुहाऱ्याच्या परिसरात, कमानिया गेट नावाचा एक दरवाजा उभा आहे. मराठी माणसाला हे नाव परके वाटत नाही. कमान हा फारसीतून आलेला शब्द मराठीने आणि हिंदीने सारखाच आपला मानला आहे. हा दरवाजा मात्र कोणा राजाने बांधलेल्या कोटाचा अवशेष नव्हे. नर्मदेच्या काठी, कलचुरींच्या प्राचीन राजधानीजवळ, मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याचे हे स्मारक आहे. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते आणि स्वागताध्यक्ष जबलपूरचे शेठ गोविंददास होते. स्वराज्याच्या चळवळीतील एका वादळी पर्वाची आठवण या कमानीशी अशी जोडलेली आहे.

परंतु कमानीवर जसे एक स्वराज्य कोरलेले आहे, तसे दुसरे एक स्वराज्य तिच्या खालच्या रस्त्यात, गटारात आणि नळात वावरत असते. घरातले सांडपाणी कोठे सोडायचे, ते वाहून नेणाऱ्या गटाराला घर जोडून घेण्याचा हक्क कोणाचा, त्यासाठी आकार किती आणि तो कोणी ठरवायचा, या प्रश्नांची उत्तरे देणे हे त्या दुसऱ्या स्वराज्याचे काम होय. त्याचा इतिहास मिरवणुकींत येत नाही, म्हणून तो सहसा कोणी सांगत नाही. जबलपूरच्या निमित्ताने तो पाहण्यासारखा आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात हा मुलूख १७९८ मध्ये आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार बव्हंशी नागपूरच्या सचिवालयातून चालला. मराठी भाषकांचा या शहराशी जो जुना संबंध आहे तो असा राज्यकारभाराच्या वाटेने आलेला आहे. नगरपालिका येथे १८६४ मध्ये स्थापन झाली. तिच्यात सरकारी अधिकाऱ्यांचे वजन मोठे होते. लोकांनी निवडलेल्या सभासदांच्या हाती गावाचा कारभार सोपवावा, हे धोरण लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने पुढे आले.

मधल्या काळात शहर झपाट्याने वाढत होते. मुंबईहून आणि कलकत्त्याहून आलेले लोहमार्ग १८७० मध्ये जबलपुरास मिळाले आणि हिंदुस्थानच्या दोन मोठ्या बंदरांमधले हे एक नाके बनले. १८७२ मध्ये सुमारे ५५ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये ९० हजारांवर गेली. तळी आणि विहिरी यांवर भागत आलेल्या गावाला आता अधिक पाण्याची गरज भासू लागली. डुमन्याच्या रानातील खंदारी ओढ्याला बांध घालून १८८३ मध्ये नळाचे पाणी शहरात आणले गेले. या कामी राजा गोकुळदास या सावकाराने नगरपालिकेला मोठी रक्कम कर्जाऊ दिली होती. पुढे त्रिपुरीचे स्वागताध्यक्ष झालेले गोविंददास हे याच गोकुळदासांचे नातू.

पाणी आणणाऱ्याचे नाव लोक पिढ्यान्‌पिढ्या घेतात. विहीर, बारव, पाणपोई, तलाव ही आपल्या समाजात पुण्याची कामे मानली गेली आहेत. पण आलेले पाणी वापरून झाल्यावर त्याचे काय करायचे, या प्रश्नाला असा दाता मिळत नाही. गटारावर कोणी आईवडिलांच्या नावाची शिला बसवीत नाही. पाण्याचा खर्च एखाद्या धनिकाच्या औदार्यातून सुरू होऊ शकतो. सांडपाण्याचा खर्च मात्र प्रत्येक घराने आपापला वाटा उचलल्यावाचून चालत नाही. स्थानिक स्वराज्याची खरी परीक्षा म्हणूनच नळापाशी न होता गटारापाशी होते.

हा अनुभव एकट्या जबलपूरचा नाही. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले आणि पाण्याची चणचण कमी झाली. पण घरोघर पाणी मुबलक होताच तेवढेच सांडपाणी गल्ल्यांतून साचू लागले आणि पुढची कित्येक वर्षे मलनिःसारणाच्या योजनांवर वाद चालले. १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्याने मालमत्तेवरील करांत सर्वसाधारण पट्टी, पाणीपट्टी आणि हलालखोर पट्टी असे निरनिराळे भाग केले. मैला वाहून नेणे ही एक निराळी सेवा आहे, तिला निराळा खर्च आहे आणि तो घरधन्याने दिला पाहिजे, हे तत्त्व त्यातून कायद्यात स्पष्ट झाले.

गटाराच्या जोडणीचा नियमही याच कायद्यात पाहावयास मिळतो. सार्वजनिक गटार घरापासून शंभर फुटांच्या आत असेल, तर घरमालकाला आपले सांडपाणी त्यात सोडण्याची सोय करण्यास महापालिका भाग पाडू शकते. नोटीस देऊनही त्याने काम केले नाही, तर महापालिका ते स्वतः करून खर्च वसूल करते. हे काम परवानाधारक नळकारागिराकडूनच करून घ्यावे लागते. त्याचे कारण साधे आहे. घरातील नळाला योग्य ढाळ नसला, किंवा दुर्गंधी अडविण्यासाठी पाणी धरून ठेवणारे वळण त्यात बसविलेले नसले, तर गटाराची घाण उलट घरात येते. आणि एकाच्या चुकीने तुंबलेले गटार साऱ्या आळीला भोगावे लागते. शेजाऱ्याच्या घरातील नळाशी आपला संबंध काय, असा प्रश्न जो नागरिक विचारतो, त्याला या भूमिगत संसाराची कल्पना नसते. जमिनीवर भिंतींनी वेगळी झालेली घरे जमिनीखाली एकाच नळाने बांधलेली असतात.

पट्टीचा प्रश्न याहून कठीण. मध्यप्रांतातील अनेक नगरपालिकांप्रमाणे जबलपूरच्याही उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा होता. जकात ही नाक्यावर व्यापारी भरतो आणि मालाच्या किमतीत मिसळून ती गिऱ्हाइकाकडून वसूल होते. धान्य, तूप, कापड घेताना आपण नगरपालिकेला काही दिले हे गरिबाच्या ध्यानातही येत नाही, आणि म्हणून दिलेल्या पैशाचा हिशेबही तो मागत नाही. घरपट्टीचे तसे नाही. तिचे बिल दारात येते, तेव्हा मनुष्य चिडतो खरा. पण चिडून तो आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या मोरीकडे बोट दाखवतो आणि सभासदाला जाब विचारतो. कारभाराच्या दृष्टीने हे चिडणे मौल्यवान असते. ज्या करामुळे नागरिक जागा होतो तो लादणे सभासदांना अवघड वाटते आणि ज्या करामुळे तो झोपलेला राहतो तो त्यांना सोईचा वाटतो. पुढे १९७६ मध्ये मध्यप्रदेशाने जकातच उठवली. व्यापाऱ्यांचा नाक्यावरील त्रास गेला, परंतु नगरपालिकांना त्या उत्पन्नाच्या भरपाईसाठी राज्य सरकारच्या तिजोरीकडे पाहावे लागले. स्वतःच्या हक्काचे उत्पन्न आणि दुसऱ्याने दिलेले अनुदान यांत जो फरक असतो, तो कारभारातही उतरल्यावाचून राहत नाही.

या सर्व काळात एक हिशेब कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेला नव्हता. भुयारी गटारे ज्या गावांत नव्हती, तेथे मैला माणसे वाहत होती. पहाटे गावाला जाग येण्याच्या आत टोपल्या आणि गाड्या फिरत, आणि हे काम जन्माने ज्यांच्या वाट्यास आले त्यांना गाव जवळ उभे करीत नसे. गटार बांधण्यास पैसा नाही असे जेव्हा सभा ठरवीत असे, तेव्हा तो खर्च टळत नसे. तो या माणसांच्या शरीरातून वसूल होत असे. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यास समिती नेमली आणि १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. पुढे केंद्र सरकारनेही मलकानी समितीकडून हा प्रश्न तपासून घेतला. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीचे काम हाती घेतले आणि कमी खर्चाच्या संडासाचे प्रयोग केले. तरीही हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा देशव्यापी कायदा होण्यास १९९३ साल उजाडावे लागले, आणि तो पुरा पडत नाही असे दिसल्यावर २०१३ मध्ये दुसरा अधिक कडक कायदा करावा लागला. गटाराच्या जोडणीचा आकार महाग वाटतो, तेव्हा तो न भरल्याची किंमत पूर्वी कोणी भरली हे आठवणे न्यायाचे ठरेल.

गटारे बांधणे म्हणजे केवळ नळ पुरणे नव्हे, असे सांगणारा एक विचारवंत जबलपुरास येऊन गेला होता. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१७ मध्ये जबलपूरच्या नगररचनेवर नगरपालिकेला अहवाल सादर केला. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. सरळ रुंद रस्ते आणि मोठी गटारे काढण्यासाठी जुन्या वस्त्या पाडून टाकण्याची त्या काळची रीत गेडीस यांना मान्य नव्हती. आधी गल्लीगल्लीतून हिंडावे, लोक कसे राहतात ते पाहावे, आणि शक्य तितकी थोडी घरे हलवून वस्तीला हवा, पाणी व निचरा द्यावा, अशी त्यांची पद्धत होती. गटार शहरासाठी आहे, शहर गटारासाठी नाही, हा त्यांच्या शिकवणीचा मथितार्थ. तळ्यांचे आणि ओढ्यांचे हे शहर. आपले ओमती आणि मोती हे नाले ते कसे वापरते, यावर त्याचे आरोग्य अवलंबून राहणार होते.

गेडीस यांच्या अहवालाला सहा वर्षे होतात न होतात तोच जबलपूरची नगरपालिका एका निराळ्याच कारणाने देशभर गाजली. तिने टाऊन हॉलवर स्वराज्याचा चरखांकित ध्वज फडकविण्याचे मनावर घेतले आणि सरकारने त्यास मनाई केली. मार्च १९२३ मध्ये शहरात सत्याग्रह झाला. त्यात पंडित सुंदरलाल अग्रभागी होते आणि सुभद्राकुमारी चौहान यांनीही भाग घेतला. १ मे पासून तो लढा नागपुरास गेला आणि झेंडा सत्याग्रह या नावाने इतिहासात नोंदला गेला. गटारे पाहणाऱ्या संस्थेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावण्याचा हट्ट लोकांनी का धरावा? कारण ती एकच संस्था अशी होती, की जिच्याबद्दल ही आमची आहे असे ते काही अंशी म्हणू शकत होते.

त्याच सुमारास देशातील थोर पुढारी नगरपालिकांच्या कारभारात उतरले, हा योगायोग नव्हे. वल्लभभाई पटेल यांनी अहमदाबादेत आधी आरोग्य समितीचे काम केले आणि १९२४ मध्ये ते नगराध्यक्ष झाले. जवाहरलाल नेहरू अलाहाबादेस आणि राजेंद्रप्रसाद पाटण्यास नगराध्यक्ष होते. चित्तरंजन दास कलकत्त्याचे महापौर असताना १९२४ मध्ये तेथील महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सुभाषचंद्र बोस काम पाहू लागले. महाराष्ट्रात याआधीच टिळकांनी पुणे नगरपालिकेचे सभासदत्व आणि गोखल्यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले होते. तेव्हा कमानिया गेट ज्या अध्यक्षाच्या अधिवेशनाची आठवण देते, तो अध्यक्ष रस्ते, पाणी आणि सफाई यांच्या फाइली हाताळून आलेला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये जबलपुरास महापालिका झाली. १९५६ मध्ये नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, राजधानी भोपाळास गेली आणि जबलपुरास उच्च न्यायालय मिळाले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले आणि पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, सफाई ही कामे त्यांच्या अनुसूचीत घातली. २००५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नगरविकास योजनेत निवडलेल्या शहरांत जबलपूर होते. अशा योजनांतून मुख्य नळ आणि शुद्धीकरण केंद्रे उभारण्यास पैसा मिळतो. पण मुख्य नळापासून घराच्या मोरीपर्यंतचे शेवटचे काही हात घरधन्याच्या संमतीने आणि पैशानेच पुरे व्हावयाचे असतात. ते झाले नाहीत, तर रस्त्याखाली गटार कोरडे राहते आणि रस्त्याकडेच्या नाल्यात घाण वाहत राहते.

म्हणून जोडणीचा आकार ठरविताना कारभाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळावयास हव्यात. गरिबाला तो हप्त्याने तरी झेपेल इतका असावा, आणि त्यातून जमलेल्या पैशाचा हिशेब गल्लीतील साध्या माणसाला समजेल अशा रीतीने दरवर्षी मांडला जावा. नागरिकाने एक गोष्ट सांभाळावी. पट्टी भरावी आणि मग ठामपणे जाब विचारावा. पट्टी चुकवून जाब विचारणे आणि जाब न विचारता पट्टी भरणे, दोन्ही स्वराज्याला सारखेच घातक आहे.

कमानिया गेटाखालून रोज सराफ, विद्यार्थी, भाजीवाले आणि नर्मदेच्या दर्शनास निघालेले यात्रेकरू जातात. वर १९३९ ची आठवण आहे. ती आठवण आजोबांच्या पुण्याईसारखी आहे. तिच्यावर मान मिळतो, पण घर चालत नाही. घर चालते ते दरमहाच्या खर्चावर आणि दरमहाच्या हिशेबावर. ज्या शहराने आपल्या नगरपालिकेवर आपला ध्वज असावा म्हणून तुरुंगवास पत्करला, त्या शहराने त्याच संस्थेच्या गटाराचा हिशेबही तितक्याच आस्थेने पाहिला, तर कमानीवरचे आणि कमानीखालचे अशी स्वराज्याची दोन रूपे वेगळी राहणार नाहीत.