मामल्याचा प्लेग (१९९४) आणि रेण्वीय निदान : प्रयोगशाळेतील हस्तकौशल्याचा एक ऐतिहासिक संदर्भ

बीड जिल्ह्याच्या इतिहासलेखनात निजामी राजवट, दुष्काळ व ऊसतोड यांना स्थान मिळाले. प्रयोगशाळेला मात्र क्वचितच. वस्तुतः लिंबागणेश ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील मामला हे खेडे १९९४ मध्ये जगाच्या वैद्यकीय नकाशावर आले. गावात उंदीर मरू लागले, पिसवा वाढल्या आणि रुग्णांच्या अंगावर गाठी दिसल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक भीतीने उघड्यावर झोपू लागले व घरांत साठलेल्या धान्यावर उंदरांची पैदास झाली, अशी कारणमीमांसा तेव्हा मांडली गेली. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला.

हा प्लेगच होता काय, यावर मात्र तज्ज्ञांत तीव्र मतभेद झाले. १९६६ नंतर देशात मानवी प्लेगची नोंद नव्हती. म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे हा जिवाणू ओळखण्याचा सराव बहुतेक हातांना उरला नव्हता. प्रारंभीचे निदान प्रामुख्याने रक्तद्रव्य चाचण्यांवर बेतलेले होते आणि ते अनेकांना अपुरे वाटले. दरम्यान काही देशांनी विमाने थांबवली. निदानातील संदिग्धतेची किंमत अशी रोकडीने मोजावी लागली.

या वादाला रेण्वीय उत्तर मिळाले ते हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातून. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तेथील संशोधनात १६ एस रायबोसोमल डीएनएचा अनुक्रम व जनुकीय ठसे यांच्या आधारे येर्सिनिया पेस्टिस हाच जिवाणू कारणीभूत असल्याचे दाखवण्यात आले. ही पद्धत पुस्तक वाचून येत नाही. पीसीआर नकोसा डीएनएसुद्धा तितक्याच इमानाने वाढवते. म्हणून पिपेटचे टोक प्रत्येक वेळी बदलणे आणि नमुना न घातलेली नियंत्रण नळी सोबत चालवणे हे हाताच्या वळणात मुरावे लागते. वर्गात फळ्यावर काढलेली आकृती येथे फारशी कामाची नाही.

मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांना याचा कटू अनुभव आला होता. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पद सोडावे लागले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. सर्व मृत्यू एकाच बाटलीतील लसीमुळे झाले होते. ती उघडताना मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता.