नाणं वाजवून घ्या : टीव्हीवरच्या ‘दुर्मिळ’ नाण्यांची गोष्ट

[फरशीवर नाणं पडल्याचा आवाज]

ऐकलंत? हा आवाज लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

गेल्या काही भागांत आपण मराठेशाहीतल्या टांकसाळींबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच जणांनी मेसेज करून एकच प्रश्न विचारला : आमच्या घरी एक जुनं नाणं आहे, त्याचे किती येतील? काहींनी फोटोही पाठवले. त्यातल्या एका फोटोतलं नाणं बघून मी दचकलोच. तसलंच नाणं आमच्या देवघरात आहे. म्हणून आजचा भाग त्या नाण्यावर.

२०१० ची गोष्ट. मी सातवीत होतो. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला आमचं घर. समृद्धी महामार्ग यायचा होता, पण छतावर डिश आलेली होती. दुपारी जेवण झालं की आबा, म्हणजे माझे आजोबा, टीव्हीपुढे बसायचे. एका वाहिनीवर रोज तासभर एकच जाहिरात चालायची. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली पाच नाणी, त्यावर रामदरबार, हनुमान, लक्ष्मी. मूळ किंमत ९,९९९, आज फक्त २,४९९. फक्त १०० सेट शिल्लक. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय. ज्या घरात ही नाणी, तिथे पैसा टिकतो, असंही सांगणं.

त्या वर्षीचे सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते. आबांनी फोन केला. व्हीपी पार्सल आलं, पोस्टमनला पैसे दिले. आत मखमली डबी, पाच नाणी आणि सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. आजीला त्यांनी किंमत पाचशे सांगितली. खरा आकडा मला माहीत होता, कारण फोनवर पत्ता मीच सांगितला होता.

आता थोडं मागे जाऊ. दोनेकशे वर्षांपूर्वीच्या आपल्या बाजारात एकच रुपया नव्हता. पुण्याकडे अंकुशी, नाशकाकडे चांदवडी, आपल्या इकडे नागपुरी. प्रत्येकाची चांदी थोडी वेगळी, वजन थोडं वेगळं, झीज वेगळी. मग व्यवहार व्हायचा कसा? मध्ये सराफ असायचा. तो नाणं तोलायचा, दगडावर वाजवायचा, कधी त्यावर बारीक टोचा मारून आतला धातू बघायचा. त्या काळातल्या अनेक रुपयांवर अशा सराफी खुणा आजही दिसतात. नाणं कमी कसाचं निघालं तर किमतीतून वजावट व्हायची. तिला बट्टा म्हणायचे. ‘नावाला बट्टा लागला’ हे आपण आजही म्हणतो. ‘खणखणीत’ हा शब्द माणसाला लावतो, तोही नाण्याच्या आवाजावरूनच.

म्हणजे नाण्यावर राजाचा छाप असला तरी गिऱ्हाईक ते वाजवूनच घ्यायचं. १८३५ साली कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. एका बाजूला विल्यम चौथ्याचा मुखवटा, वजन ठरलेलं, चांदीचं प्रमाण ठरलेलं. अशा नाण्यांमुळे हळूहळू वाजवून घ्यायची गरज कमी झाली. छाप बघितला की पुरे. पुढच्या पिढ्यांना सरकारी छापावर डोळे मिटून विश्वास ठेवायची सवय लागली. व्यवहारासाठी ही सोय फारच चांगली होती. टीव्हीवरचा विक्रेता नेमकी हीच सवय वापरतो. काचेपलीकडचं नाणं तुम्ही तोलू शकत नाही, वाजवू शकत नाही. तुम्हाला दिसतो तो फक्त छाप.

तर त्या छापाकडे जरा नीट बघू. आमच्या नाण्यावर इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘वन आना’ आणि १८१८ हे साल आहे. साल मोठं हुशारीने निवडलंय. पेशवाई बुडाली ते १८१८, मराठी माणसाला ते पाठच असतं. पण ब्रिटिश भारतात एक आण्याचं जे नाणं सर्रास चाललं, ते आलं १९०७ मध्ये. ते तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं होतं, कंगोरेदार कडेचं, त्यावर सातवा एडवर्ड. बरं, १८१८ मध्ये आपला वऱ्हाड कंपनीकडे नव्हताच, तो निजामाकडे होता. कंपनीच्या ताब्यात तो गेला १८५३ साली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कंपनीने देवादिकांची नाणी पाडलीच नाहीत, असं काही जण ठोकून देतात. ते खरं नाही. मद्रासकडे कंपनीने देवमूर्तींचे होन पाडले होते. पण ते सोन्याचे, बोटाच्या नखाएवढे. रामदरबाराचं हे जाडजूड ‘एक आणा’ नाणं कुठल्याही टांकसाळीतून चलनात आलेलं नाही. ही मंडळी तीर्थक्षेत्रांच्या दुकानांतही विकायला असतात. टांका म्हणून, आठवण म्हणून विकली तर तक्रार नाही. २०० वर्षांपूर्वीचं नाणं म्हणून विकली की ती फसवणूक.

आता जाहिरातीतले शब्द. ‘सिल्व्हर फिनिश’ म्हणजे चांदी नव्हे, चांदीसारखा रंग. ‘लिमिटेड एडिशन’ म्हणजे किती, हे ठरवणारा विक्रेताच, संपले की पुन्हा पाडायचे. प्रमाणपत्र कोणाचं? त्याच कंपनीचं. म्हणजे आपल्याच मुलाला आपणच पहिला नंबर देण्यासारखं. आणि ९,९९९ ही ‘मूळ किंमत’ कोणी, कधी, कुठे दिली होती? कुठेच नाही. तो आकडा २,४९९ स्वस्त वाटावेत म्हणून लिहिलेला असतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेत टीव्हीवर नाणी विकणं हा मोठा धंदा आहे. २००४ मध्ये तिथे ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या आठवणीचा ‘फ्रीडम टॉवर सिल्व्हर डॉलर’ टीव्हीवर विकायला आला. किंमत १९.९५ डॉलर. सरकारमान्य नाणं आणि जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्याखालून काढलेली चांदी, असा दावा. न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर कोर्टात गेले. ज्या नॉर्दर्न मारियाना बेटांच्या नावाने ते नाणं काढलं होतं, त्यांना नाणी पाडायचा अधिकारच नव्हता, आणि चांदी म्हणजे वरचा पातळ थर. कोर्टाने विक्री थांबवली. तिथे देशाचं दुःख विकलं, इथे देव विकला. काचेपलीकडून वाजवता येत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

आपल्याकडेही प्रकरण कोर्टात गेलं, आणि ते मराठी मुलखातलंच आहे. टीव्हीवर हनुमान चालिसा यंत्राच्या जाहिराती यायच्या, आठवतात? गळ्यात घाला, संकटं टळतील वगैरे. औरंगाबादच्या एका शिक्षकाने २०१५ मध्ये त्याविरुद्ध याचिका केली. ५ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे न्या. तानाजी नलावडे आणि न्या. मुकुंद सेवलीकर यांनी, निकाल दिला. दैवी शक्ती असल्याचं सांगून अशा वस्तू टीव्हीवर विकणं बेकायदा ठरलं. आधार होता २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर आधी अध्यादेश आणि मग जो कायदा आला, तोच हा. ‘घरात ठेवा, पैसा टिकेल’ असं सांगून नाणं विकणाऱ्यालाही हा निकाल लागू पडायला हवा, असं मला वाटतं.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, आणि तो जास्त वाईट आहे.

२०२१, कोरोनाचे दिवस. माझ्या काकांना मोबाईलवर व्हिडिओ दिसला : ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट, वैष्णोदेवीचं दहाचं नाणं, रामदरबाराचा आणा, यांचे लाखो रुपये मिळतात. काकांनी देवघरातल्या नाण्याचा फोटो पाठवला. तासाभरात फोन आला, तुमच्या नाण्याला साडेतीन लाखांचं गिऱ्हाईक आहे. आधी नोंदणीचे ९५०. मग ‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी’ म्हणून ४,२००. मग जीएसटी. तिथे काकांच्या मुलीने फोन हिसकावून घेतला म्हणून थांबलं. गेलेले पैसे आले नाहीत.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. वैष्णोदेवीचं २०१२ साल असलेलं दहाचं नाणं चलनातलं आहे, दहा रुपयांना दहा. १९९९ चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं तुमच्याही घरात असेल, तेही तसंच. अस्सल शिवराईसुद्धा, ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ लिहिलेली तांब्याची, पुढे पिढ्यान्‌पिढ्या इतकी पाडली गेली की साधी, झिजलेली शिवराई फार महाग नसते. जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे.

बघा कसं आहे. एकाने २०१० मध्ये खोट्या किमतीला विकलं, दुसऱ्याने २०२१ मध्ये खोट्या किमतीला विकत घेण्याचं नाटक केलं. दोघांनी मिळून एकाच घराला दोनदा लुटलं, आणि दोघांची बहुधा ओळखही नसेल.

मला एक कबुलीही द्यायची आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पहिल्या नोकरीत मला खरेदीच्या पानावर उलटं पळणारं घड्याळ बसवायचं काम दिलं होतं. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर. ‘फक्त ३ शिल्लक’ मधला तीनचा आकडाही कोडनेच टाकलेला. मी ते मुकाट्याने लिहिलं. काम चोख केलं म्हणून कौतुकही झालं. दिवाळीत घरी आलो, देवघरात नाणी दिसली, तेव्हा कळलं की आबांच्या टीव्हीच्या कोपऱ्यातलं घड्याळ आता मी लिहितोय. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ युक्त्यांवर नियम काढले. खोटी घाई त्या यादीत आहे.

मग नाणी घ्यायचीच नाहीत का? जरूर घ्या, मीही घेतो. मुंबईची टांकसाळ स्मारक नाणी विकते. तीही दर्शनी किमतीपेक्षा जास्त असतात, पण धातू, वजन, शुद्धता सगळं उघड लिहिलेलं असतं. जास्त किंमत हा गुन्हा नाही, लपवलेली माहिती हा गुन्हा. म्हणून तीन प्रश्न विचारा : धातू कोणता आणि वजन किती? हेच नाणं दुसरीकडे कितीला मिळतं? आणि उद्या तुम्हीच ते परत किती रुपयांना घ्याल? तिसऱ्या प्रश्नावर फोन बहुतेक कट होतो. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

आता आबांचं सांगतो. पार्सल आल्यावर महिनाभराने ते मला घेऊन मंगरूळपीरला एका ओळखीच्या सराफाकडे गेले. त्याने नाणं बोटांवर तोललं आणि काउंटरच्या फरशीवर टाकलं. तोच आवाज, जो तुम्ही सुरुवातीला ऐकला. बद्द. तो म्हणाला, “आबा, चांदीचं पाणी हाये वरून. आत पितळ. भांड्याच्या भावात घेईन म्हणा.”

आबा काही बोलले नाहीत. नाणी परत रुमालात बांधली. एसटीत मी विचारलं, तक्रार करायची का? म्हणाले, “राहू दे बापू. लोकं हासतीन.”

फसवणाऱ्याचं सगळ्यात मोठं भांडवल हेच होतं, आबांची लाज. आबा गेले. आजीला खरी किंमत शेवटपर्यंत कळली नाही. आज मी ती सगळ्यांसमोर सांगतोय, २,४९९ रुपये, कारण तुमच्याही घरात कुणीतरी असाच आकडा लपवून बसलं असेल. त्यांना हसू नका. फक्त नाणं हातात घ्या आणि एकदा फरशीवर वाजवून बघा.

भेटूया पुढच्या भागात.

[फरशीवर नाणं पडल्याचा आवाज]