शिडाला हात न लावता शिडाचा जोर मोजला, त्याची गोष्ट

जे मोजायचंय त्याला उपकरणच लावता येत नसेल तर काय करायचं? रिसर्चच्या तयारीत असाल तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यासमोर येणारच. मेथडॉलॉजीच्या पुस्तकांत याचं उत्तर फार कोरडं असतं, म्हणून आज शर्यतीच्या होड्यांकडे जाऊ.

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४०-४५ अंशांचा कोन ठेवून, दिशा बदलत, ती नागमोडी वर चढते. तेव्हा ती एका बाजूला कललेली असते आणि थोडी आडवी घसरतही असते. ही घसरण म्हणजे दोष नाही बरं का! त्या तिरकेपणामुळेच पाण्याखालचा कील विमानाच्या पंखासारखा काम करतो आणि शिडाचा आडवा रेटा पेलतो.

आता १९०१ साल. अमेरिका कपसाठी जॉर्ज वॉटसन यांनी 'शॅमरॉक-२' डिझाइन केली, तीही स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या टाकीत मॉडेलं ओढून. तरी 'कोलंबिया'ने तिला ३-० हरवलं. (शेवटची शर्यत 'शॅमरॉक'ने दोन सेकंद आधी संपवली होती, पण वेळेच्या सवलतीत गेली. म्हणजे डिझाइन अगदीच वाईट नव्हतं.) मॉडेल सरळ उभं धरून सरळ ओढलं की पाण्याचा विरोध कळतो. आगबोटीला तेवढं पुरतं. कललेल्या, घसरणाऱ्या होडीबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही.

१९३० च्या दशकात न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये केनेथ डेव्हिडसन यांनी छोटी मॉडेलं कलवून, तिरकी धरून ओढायला सुरुवात केली. सुरुवातीला तर कॉलेजच्या स्विमिंग पूलमध्ये! होडीवर पाण्याचा जोर किती, हे मिळालं. पण शिडाचा? कापड वाऱ्यात सतत आकार बदलतं, त्याला काटा कुठे लावणार?

इथली युक्ती मला फार आवडते. ऑलिन स्टीफन्स यांनी 'गिमक्रॅक' ही खरी होडी वाऱ्याविरुद्ध चालवली. वेग, कल आणि वारा नोंदवला. होडी एकसारख्या वेगाने जात असेल तर तिच्यावरचा एकूण जोर शून्य. मग त्याच होडीचं मॉडेल तोच कल आणि त्या प्रमाणातला वेग देऊन टाकीत ओढा. पाण्याचा जोर मिळाला की शिडाचा तेवढाच, फक्त उलट्या दिशेने. न्यूटनचा पहिला नियम, शाळेतला!

हे आकडे 'गिमक्रॅक गुणांक' म्हणून १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. आता नवी होडी बांधण्याआधीच ती वाऱ्यावर किती चढेल याचा अंदाज काढता येऊ लागला. १९३७ ची 'रेंजर' अशाच मॉडेल-चाचण्यांतून निवडली गेली आणि 'एन्डेव्हर-२'ला ४-० हरवून आली.

पण तुम्ही परीक्षक असता तर काय विचारलं असतं? एकाच होडीचे, एकाच जातीच्या शिडांचे आकडे सगळ्यांना कसे लावले? दोन होड्यांची तुलना करायची असेल तर चालतं, कारण चूक दोन्हीकडे सारखीच. प्रत्यक्ष वेग सांगायचा तर जपून. तरी हे गुणांक पुढे कित्येक वर्षं वापरात राहिले.

दुसरी अडचण आकाराची. लाटांचा आणि घर्षणाचा हिशेब छोट्या मॉडेलवर एकाच वेळी जुळत नाही. १९७४ मध्ये पायरीसारखा मागचा भाग असलेली 'मरिनर' टाकीत चांगली दिसली. समुद्रात ती इतकी संथ निघाली की हंगामातच तिचा मागचा भाग नव्याने बांधावा लागला. १९८३ मध्ये कप जिंकणाऱ्या 'ऑस्ट्रेलिया-२'ची मॉडेलं नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या टाकीत ओढली, ती खऱ्या होडीच्या जवळपास एक तृतीयांश होती.