गेमपॅडवरची साम्राज्ये

राज्य उभारणे, शहरे वसवणे, कर बसवणे, सैन्याची हालचाल ठरवणे आणि प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेत पुढची चाल आखणे अशी कामे खेळाडूवर सोपवणाऱ्या व्हिडिओ गेमना स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे रणनीतीचे खेळ, म्हटले जाते. हा खेळप्रकार प्रामुख्याने घरगुती संगणकावर वाढला आणि त्याची घडणही संगणकाच्या सोयींनुसार झाली. शंभराच्या आसपास कळा असलेला कीबोर्ड, पडद्यावरील कोणत्याही ठिपक्यावर क्षणात पोहोचणारा माऊस, डोळ्यांपासून हातभर अंतरावरचा पडदा आणि मांडीवर उघडून ठेवलेले जाडजूड माहितीपुस्तक या चार गोष्टी त्या खेळांनी गृहीत धरल्या होत्या. दूरचित्रवाणी संचाला जोडल्या जाणाऱ्या गेम कन्सोलवर यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नव्हती. त्यामुळे असा खेळ कन्सोलवर आणताना प्रत्येक वेळी काहीतरी टाकून द्यावे लागले आणि काय टाकायचे हे ठरवण्यासाठी त्या खेळाचा गाभा कोणता, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले. या रूपांतरांचा इतिहास म्हणजे त्या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

पहिली ठोस उत्तरे जपानमध्ये मिळाली. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिली कॉम्प्युटर हा कन्सोल 1983 मध्ये बाजारात आला. त्याच्या कंट्रोलरवर चार दिशांची फुलीच्या आकाराची कळ आणि चार बटणे एवढीच सामग्री होती. त्याच वर्षी युजी होरी यांचा पोर्टोपिया हा खुनाच्या तपासाचा खेळ संगणकावर प्रसिद्ध झाला होता आणि त्यात खेळाडूला आज्ञा टंकलिखित कराव्या लागत. 1985 च्या कन्सोल आवृत्तीत टंकलेखनाची जागा पडद्यावरील आज्ञांच्या यादीने, म्हणजे मेनूने, घेतली. हा खेळ रणनीतीचा नसला तरी शब्द लिहिण्याऐवजी तो यादीतून निवडण्याची जी रीत त्याने रुळवली, ती पुढे रणनीतीच्या खेळांना उपयोगी पडली. कोएइ कंपनीची नोबुनागाज् अँबिशन ही मालिका 1983 मध्ये संगणकावर सुरू झाली आणि 1988 मध्ये फॅमिली कॉम्प्युटरवर आली. सोळाव्या शतकातील जपानी सरदारांच्या सत्तासंघर्षावर आधारलेल्या या खेळात तांदूळ, सोने, करांचे प्रमाण आणि सैनिकांची संख्या यांचा ताळेबंद सांभाळावा लागतो. हा हिशेब किचकट असला तरी तो याद्या आणि आकडे यांच्या रूपात मांडलेला होता आणि प्रत्येक सरदाराला आपापली पाळी मिळत असल्याने घाईचा प्रश्न नव्हता. त्यामुळे विचाराची गुंतागुंत आणि हाताळणीची गुंतागुंत या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिली गोष्ट चार बटणांवरही पेलता येते, हे या खेळाने दाखवून दिले.

अमेरिकेत तयार झालेल्या खेळांचे गणित अधिक अवघड होते, कारण ते माऊसभोवती रचलेले होते. विल राइट यांचा सिमसिटी हा नगररचनेचा खेळ मॅक्सिस कंपनीने 1989 मध्ये प्रसिद्ध केला. निवासी, व्यापारी आणि औद्योगिक विभाग आखणे, रस्ते व वीजवाहिन्या टाकणे आणि शहराची वाढ पाहत राहणे हे त्याचे स्वरूप असून मुक्त खेळात जिंकण्याची ठराविक अट नव्हती. सुपर फॅमिकॉम या नव्या कन्सोलसाठी निन्टेन्डोने 1991 मध्ये त्याची आवृत्ती काढली, तेव्हा राइट यांनी क्योतोमध्ये निन्टेन्डोचे खेळरचनाकार शिगेरू मियामोतो यांच्यासोबत काम केले. या आवृत्तीत माऊसची उणीव दूर करण्यापेक्षा माहितीपुस्तकाची आणि उद्दिष्टाची उणीव भरून काढण्यावर अधिक भर दिसतो. राइट यांच्याच नावाचा, हिरव्या केसांचा एक सल्लागार पडद्यावर येऊन खेळाडूला मार्गदर्शन करतो. ऋतू बदलले की नकाशाचे रंग पालटतात. लोकसंख्येचे टप्पे ओलांडल्यावर खास वास्तू भेट मिळतात आणि पाच लाखांचा टप्पा गाठणाऱ्याला मारिओचा पुतळा मिळतो. दिवाणखान्यात बसलेल्या नवख्या खेळाडूला पुढे काय करायचे हे खेळानेच सुचवले पाहिजे, ही जाणीव या सर्व बदलांमागे होती. अर्थात तिची किंमतही होती, कारण ज्या खेळात खेळाडूने स्वतःचे ध्येय स्वतः ठरवायचे, त्या खेळाला आता पायऱ्यांची शिडी लाभली होती.

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी घडवलेला सिव्हिलायझेशन हा खेळ मायक्रोप्रोज कंपनीने 1991 मध्ये संगणकासाठी प्रसिद्ध केला. एका लहानशा वस्तीपासून अंतराळयानापर्यंत सुमारे सहा हजार वर्षांचा प्रवास घडवणारा हा खेळ त्या काळच्या संगणकाची 640 किलोबाइटची मूळ स्मृती जवळजवळ पूर्ण वापरत असे. त्यात शहर वसवणे, रस्ता बांधणे, पाटबंधारे काढणे, खाण खोदणे, तटबंदी करून थांबणे अशा आज्ञा कीबोर्डवरील एकेका अक्षराने देता येत. जपानमधील अस्मिक कंपनीची सुपर फॅमिकॉम आवृत्ती 1994 मध्ये आली, तेव्हा त्या कन्सोलची कार्यस्मृती, म्हणजे खेळ चालू असताना बदलती माहिती ठेवण्याची जागा, 128 किलोबाइट होती. कंट्रोलरवरची बटणे मोजकीच असल्याने एका अक्षरात संपणारी आज्ञा मेनू उघडणे, यादीतून खाली सरकणे आणि निवड पक्की करणे अशा टप्प्यांतून द्यावी लागे. खेळाचे नियम मात्र बहुतांशी तसेच राहिले. आज्ञा एखाद-दुसरी असती तर हा फरक जाणवला नसता, परंतु दहा शहरे आणि तीस तुकड्या सांभाळणाऱ्या खेळाडूला प्रत्येक पाळीत तो पुन्हा पुन्हा सोसावा लागत होता. नियम जसेच्या तसे उतरवले की खेळही उतरतो, ही समजूत इथे अपुरी ठरली.

सलग वेळेत चालणाऱ्या खेळांत, म्हणजे जिथे पाळीची वाट न पाहता सर्व पक्ष एकाच वेळी हालचाल करतात अशा खेळांत, ही अडचण कैक पटींनी वाढली. या प्रकारात कन्सोलसाठीच विचार करून रचलेला आरंभीचा महत्त्वाचा खेळ म्हणजे टेक्नोसॉफ्ट कंपनीचा 1989 मधील हेर्त्सोग त्स्वाय होय. सेगा मेगा ड्राइव्हवरील या खेळात अधांतरी फिरणारा कर्सर, म्हणजे निवडदर्शक बाण, नव्हताच. खेळाडू स्वतः एक रूपांतरक्षम लढाऊ यान चालवतो, तुकड्या उचलून रणांगणावर नेऊन सोडतो आणि त्यांना आज्ञा देतो. आज्ञा देणाऱ्यालाच रणांगणावर देह मिळाल्यामुळे गेमपॅडची मर्यादा खेळाच्या नियमातच सामावली गेली. वेस्टवुड स्टुडिओजचा 1992 मधील ड्यून 2 हा संगणकावरील खेळ नंतर मेगा ड्राइव्हवर आला, तेव्हा वेगळा मार्ग निवडला गेला. संगणकावर पडद्याच्या उजव्या बाजूला आज्ञांची पट्टी होती आणि तुकडी निवडणे, पट्टीतील आज्ञा निवडणे आणि लक्ष्य दाखवणे असा तिहेरी क्रम चालत असे. कन्सोल आवृत्तीत ही पट्टी काढून संपूर्ण पडदा रणभूमीला दिला गेला आणि खेळ साठवण्याच्या सोयीऐवजी टप्प्याटप्प्याचे सांकेतिक शब्द देण्यात आले. पट्टी हटल्याने हाताळणीचा एक थर गळून पडला आणि हा खेळ त्यामुळे गरीब झाला असे मात्र म्हणता येत नाही.

याउलट टोकाचे उदाहरण स्टारक्राफ्टचे आहे. ब्लिझार्ड कंपनीचा हा 1998 मधील खेळ 2000 मध्ये निन्टेन्डो 64 वर आला. त्यात मूळ मोहिमांबरोबर ब्रूड वॉर या पुरवणीतील मोहिमाही होत्या, परंतु त्यांच्यासाठी कन्सोलची स्मृती 4 मेगाबाइटवरून 8 मेगाबाइट करणारे वेगळे साधन आवश्यक होते. तांत्रिकदृष्ट्या ही कामगिरी लक्षणीय होती, तरीही खेळाचा आत्मा दोन ठिकाणी हरवला. संगणकजालावरून दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्याऐवजी दोघांना एकाच संचाचा दुभागलेला पडदा वाटून घ्यावा लागला. शत्रू काय करतो आहे हे टेहळणीशिवाय कळू नये, या तत्त्वावर उभा असलेला खेळ शेजारच्या अर्ध्या पडद्याकडे नजर टाकताच उघडा पडत होता. दुसरे असे की, स्टारक्राफ्टमध्ये हाताचा वेग हा कौशल्याचाच भाग आहे. दक्षिण कोरियात हा खेळ व्यावसायिक स्पर्धांचा झाला, तेव्हा निष्णात खेळाडू मिनिटाला 300 च्या आसपास क्रिया करत असत. अशा खेळात हाताळणी सोपी करणे म्हणजे केवळ अडथळा दूर करणे नव्हे, तर ज्या गोष्टीची स्पर्धा चालते तीच गोष्ट बदलणे होय.

2005 नंतरच्या कन्सोलमध्ये स्मृतीची टंचाई राहिली नाही आणि उच्च दर्जाच्या पडद्यांमुळे बारीक अक्षरेही वाचता येऊ लागली. यंत्राची सबब अशी मागे पडल्यावर रचनेचा प्रश्न अधिक स्पष्टपणे समोर आला. युबिसॉफ्टच्या 2008 मधील एंडवॉर या खेळाने बटणांऐवजी मायक्रोफोनवरून तोंडी आज्ञा देण्याचा मार्ग अवलंबला. एज ऑफ एम्पायर्स घडवणाऱ्या एन्सेम्बल स्टुडिओजने एक्सबॉक्स 360 साठी 2009 मध्ये हेलो वॉर्स आणला. त्याच्या नियंत्रणपद्धतीचे आरंभीचे प्रयोग त्यांनी स्वतःच्याच एज ऑफ मिथॉलॉजी या संगणकीय खेळावर केले होते. हेलो वॉर्समध्ये इमारतींच्या जागा ठरलेल्या आहेत, लाकूड-सोने गोळा करणारे मजूर नाहीत, बांधकामाचे पर्याय कंट्रोलरच्या काडीने निवडता येतील अशा वर्तुळात मांडलेले आहेत आणि पडद्यावरील सर्व तुकड्या एका बटणाने निवडता येतात.

याच सुमारास सिड मायर यांनी आपल्याच खेळाची पुनर्रचना केली. फिरॅक्सिस कंपनीचा सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन 2008 मध्ये एक्सबॉक्स 360, प्लेस्टेशन 3 आणि निन्टेन्डो डीएस यांच्यासाठी आला. संगणकावरील मूळ मालिकेत एक डाव अनेक बैठका चालतो. इथे मात्र तो काही तासांत संपावा, अशा बेताने नकाशा लहान केला गेला. रस्ते बांधणारे कामगार काढून दोन शहरांमधील रस्ता सोने मोजून तत्काळ विकत घेण्याची सोय झाली आणि सारख्या तीन तुकड्या एकत्र करून एक सेना बनवता येऊ लागली. शहर कुठे वसवावे, कोणते संशोधन आधी करावे आणि कोणाशी युद्ध पत्करावे हे निर्णय शिल्लक राहिले, तर ते अमलात आणण्याची रोजची कारकुनी गेली. 1994 च्या आवृत्तीने नियम जपून खेळाडूला थकवले होते, 2008 च्या खेळाने नियम कमी करून निर्णयांचा वेग वाढवला. तथापि दूरवरच्या सरहद्दीवर कामगार धाडून वर्षानुवर्षे रस्त्यांचे जाळे विणण्यात ज्यांना साम्राज्य उभे राहिल्याची प्रचीती येत असे, त्यांच्या दृष्टीने तीच कारकुनी खेळाचे सुख होती आणि त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही.

अलीकडच्या आवृत्त्यांनी नियम न कापता श्रम खेळावरच सोपवण्याचा मध्यममार्ग काढला आहे. 2023 मध्ये एज ऑफ एम्पायर्स 2 ची नवी आवृत्ती एक्सबॉक्सवर आली. तिच्यात अन्न, लाकूड, सोने आणि दगड यांना किती प्राधान्य द्यायचे एवढे खेळाडू ठरवतो आणि गावकऱ्यांची त्यानुसार वाटणी खेळ स्वतः करतो. ज्यांना जुनी पद्धत हवी त्यांना कन्सोललाच माऊस आणि कीबोर्ड जोडता येतो. पॅराडॉक्स कंपनीचा क्रुसेडर किंग्ज 3 हा वंशावळी, वारसाहक्क आणि दरबारी कारस्थाने यांचा अतिशय गुंतागुंतीचा खेळ 2020 च्या संगणकीय आवृत्तीनंतर दोनच वर्षांत कन्सोलवर आला. सिव्हिलायझेशनच्या सहाव्या खेळाला 2016 च्या संगणकीय आवृत्तीनंतर कन्सोलवर येण्यास दोन वर्षे लागली होती. सातवा खेळ मात्र फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्हीकडे एकाच वेळी प्रसिद्ध झाला. त्या वेळी संगणकावरील अनेक खेळाडूंची मुख्य तक्रार मांडणी अपुरी असल्याची, आवश्यक माहिती पडद्यावर सहज सापडत नसल्याची होती. तीन दशके कन्सोलच्या खेळाडूंनी संगणकासाठी बेतलेला खेळ सोसला आणि आता संगणकाच्या खेळाडूंना सर्वांसाठी एकदम बेतलेला खेळ अपुरा वाटू लागला. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हा निर्णय पूर्वी रूपांतरकार मूळ खेळ समोर ठेवून घेत असे, त्यामुळे काय गेले हे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येत होते. आता तो निर्णय खेळ घडतानाच घेतला जातो आणि तुलनेसाठी मूळ आवृत्तीच उरत नसल्याने वगळलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारेही कोणी उरत नाही.